याबेस : एका लहानशा नांवाचा अर्थ

दररोज शाळा भरली म्हणजे पहिलें काम हजेरीचें. शिक्षक पटावरील नांवें एकामागून एक वाचीत जातात, आणि वर्गांतून "हजर", "हजर" असा शब्द उमटत जातो. या कामांत कोणाचेंच फारसें लक्ष नसतें. ज्याचें त्याचें लक्ष काय तें आपल्या एका नांवापुरतें. पवित्र शास्त्रांतील 'पहिला इतिहास' या पुस्तकाचे आरंभींचे नऊ अध्याय वाचतांना आम्हांस नेहमीं या हजेरीपटाची आठवण होते. आदामापासून आरंभ करून पित्यामागून पुत्र, पुत्रामागून पौत्र अशीं शेंकडों नांवें तेथें ओळीनें मांडलेलीं आहेत. पुष्कळ वाचक तीं पानें उलटून पुढें जातात. आम्हींही कित्येक वर्षें तसेंच केलें, हें येथें कबूल केलेलें बरें.

परंतु यहूदाच्या वंशावळींत, चौथ्या अध्यायाच्या नवव्या वचनापाशीं, पट वाचणारा एकाएकीं थांबतो. तेथें याबेस हें नांव येतें, आणि दोन वचनें संपेपर्यंत पुढचें नांव पुकारलें जात नाहीं. याबेसाचा बाप कोण तें सांगितलेलें नाहीं. आईचें नांव नाहीं, भावांचीं नांवें नाहींत. त्यानें कोणती लढाई जिंकिली किंवा कोणतें नगर वसविलें, याचाही उल्लेख नाहीं. सांगितलें आहे तें एवढेंच : तो आपल्या भावांपेक्षां अधिक सन्मान्य होता, आपण याला क्लेशानें जन्म दिला म्हणून आईनें त्याचें नांव याबेस ठेविलें, त्यानें इस्राएलाच्या देवाची प्रार्थना केली, आणि त्यानें जें मागितलें तें देवानें त्यास दिलें. इतकें सांगून लेखक पुन्हां पट वाचूं लागतो.

शेंकडों नांवांमध्यें याच एका नांवापाशीं थांबावें असें त्या प्राचीन लेखकास कां वाटलें असेल? आमच्या अल्पमतीप्रमाणें त्याचें कारण त्या नांवाच्या अर्थांतच आहे. म्हणून प्रथम तो अर्थ पाहूं.

हिब्रू भाषेंत शब्दांचे धातु बहुधा तीन व्यंजनांचे असतात. याबेसाच्या आईच्या तोंडीं क्लेशाबद्दल जो शब्द आहे तो 'ओत्सेब' असा आहे, आणि त्याचीं तीन व्यंजनें आयिन, त्सादे व बेथ हीं होत. याबेस हा आपल्या मराठी शास्त्रांतील उच्चार. मूळ नांव 'याबेत्स' असें आहे. त्यांत य-कारानंतर आयिन, बेथ व त्सादे अशीं अक्षरें येतात. आयिन हें कंठांतून निघणारें व्यंजन मराठींत नसल्यामुळें आपल्या लेखनांत तें गळून पडतें, आणि मूळांतील खुबी आपल्या दृष्टीस पडत नाहीं. दोन्ही शब्द शेजारीं मांडले म्हणजे दिसतें कीं अक्षरें तींच आहेत. मात्र शेवटच्या दोहोंची अदलाबदल झाली आहे. क्लेश या शब्दापासून सरळ नांव पाडलें असतें तर तें 'यात्सेब' असें कांहींसें झालें असतें, व त्याचा अर्थ 'हा क्लेश देतो' असा झाला असता. प्रत्यक्षांत ठेवलेलें नांव तसें नाहीं.

अक्षरांची अशी अदलाबदल आपणांस अपरिचित नाहीं. कोणी 'चिकटणें' म्हणतो, तर कोणी 'चिटकणें' म्हणतो. शहरांतलें 'नुकसान' खेड्यांत 'नुसकान' होतें. व्याकरणकार याला वर्णविपर्यय म्हणतात. परंतु हे विपर्यय जिभेच्या सोयीनें घडलेले असतात. याबेसाच्या नांवांतील विपर्यय तसा नसावा, असें आम्हांस वाटतें. आईला आपलें दुःख विसरवत नव्हतें, म्हणून तिनें तें नांवांत घातलें. परंतु तें जसेंच्या तसें बाळाच्या कपाळीं मारण्यास तिचें मन धजलें नाहीं, म्हणून तिनें शब्द थोडा मोडला. हें आमचें अनुमान आहे, आणि तें अनुमान म्हणूनच वाचकांनीं घ्यावें.

येथें विद्यार्थ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. शास्त्रांत नांवांचे जे अर्थ दिलेले आहेत, ते पुष्कळदां ध्वनींच्या साम्यावर बसविलेले असतात. ती आजच्या अर्थानें व्युत्पत्ति नव्हे. मोशे हें नांव 'ओढून काढणें' या अर्थाच्या हिब्रू क्रियापदाशीं जोडलें आहे. परंतु भाषापंडित त्याचा उगम मिसर देशाच्या भाषेंतील 'जन्मलेला' किंवा 'पुत्र' अशा अर्थाच्या शब्दांत पाहतात. म्हणजे नांवाचा उगम ही एक गोष्ट, आणि त्या नांवांत माणसांनीं ऐकलेला अर्थ ही दुसरी गोष्ट. आपल्या जीवनाशीं संबंध येतो तो बहुतकरून दुसरीचा.

आईनें उच्चारलेला तो शब्दही सामान्य नाहीं. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत हव्वेस प्रसूतीच्या वेदना सांगितल्या आहेत, तेथें हाच धातु आहे. पुढें सहाव्या अध्यायांत मनुष्यांची दुष्टाई पाहून देवाच्या हृदयास खेद झाला असें म्हटलें आहे, तेथेंही हाच धातु आहे. मातेच्या वेदनेस आणि देवाच्या खेदास त्या भाषेंत एकाच मुळांतून शब्द निघाले आहेत. तेव्हां याबेसाच्या आईस कठोर ठरविण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तिला कोणतें दुःख होतें तें लेखकानें सांगितलें नाहीं. पण दुःख खरें होतें, एवढें त्या शब्दावरून कळतें.

शास्त्रांत अशा दुःखी माता आणखीही आहेत. राहेल प्रसूतिसमयीं मरणोन्मुख झाली, तेव्हां तिनें पुत्राचें नांव बेनओनी, म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र', असें ठेविलें. याकोबानें तें बदलून बन्यामीन, म्हणजे 'उजव्या हाताचा पुत्र', असें केलें. पुढें एली याजकाच्या काळीं पलिष्ट्यांनीं देवाचा कोश नेला. ती वार्ता, आणि सासरा व पति मरण पावल्याची वार्ता, कानीं पडतांच फिनहासाची पत्नी प्रसूत झाली. आणि मरतां मरतां तिनें पुत्राचें नांव ईखाबोद ठेविलें. त्याचा अर्थ 'वैभव कोठें आहे?' किंवा 'वैभव नाहीं' असा करितात. पुढें या ईखाबोदाचा उल्लेख एकदांच येतो, आणि तोही दुसऱ्या कोणाचा भाऊ म्हणून.

हीं तीन मुलें आपण एका रांगेंत उभीं करून पाहूं. पहिल्याचें नांव बापानें वेळींच बदललें. दुसऱ्याचें नांव कोणीं बदललें नाहीं, आणि त्याच्या जीवनाची हकीकतही आपणांस मिळत नाहीं. तिसरा याबेस. त्याचेंही नांव कोणीं बदललें नाहीं, व त्यानें स्वतःही बदललें नाहीं. तरी त्याच्याविषयीं पहिलेंच वाक्य असें आहे कीं तो भावांपेक्षां सन्मान्य होता. आणि मौज अशी कीं, 'सन्मान्य' याबद्दल मूळांत जो शब्द आहे, तो ईखाबोद या नांवांतील 'खाबोद' या शब्दाच्याच धातूपासून झालेला आहे. त्या धातूचा मूळ अर्थ 'जड असणें'. आपणही म्हणतों, "अमक्याचें गांवांत वजन आहे." गुरु या संस्कृत शब्दाचाही मूळ अर्थ जड असाच आहे. जें वैभव नाहीं म्हणून एका मातेनें मुलाला नांव दिलें, तेंच दुःखाच्या नांवाच्या या मुलास लाभलें.

तें कसें लाभलें, हें त्याच्या प्रार्थनेवरून समजतें. प्रार्थना लहानच आहे. देवानें आपणांस आशीर्वाद द्यावा, आपल्या सीमा वाढवाव्या, त्याचा हात आपणांबरोबर असावा, त्यानें आपणांस अरिष्टापासून राखावें, असें याबेस मागतो. आणि हें कशासाठीं, तेंही शेवटीं सांगतो : क्लेश होऊं नये म्हणून. मूळांत येथें पुन्हां आयिन, त्सादे, बेथ. नांवांत उलटलेलीं अक्षरें प्रार्थनेच्या शेवटच्या शब्दांत आपल्या मूळ क्रमानें उभीं आहेत. बहुतेक भाषांतरकार या शब्दांचा अर्थ 'मला क्लेश होऊं नये' असा करितात. कांहीं भाषांतरकारांनीं मात्र 'माझ्याकडून क्लेश होऊं नये' असा अर्थ घेतला आहे. कोणताही घेतला तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. जो शब्द लोकांनीं त्यास आयुष्यभर हांक मारण्यासाठीं वापरला, तोच शब्द हातीं घेऊन तो देवाजवळ गेला. नांव लपविलें नाहीं, त्याबद्दल आईवर रागावला नाहीं, किंवा 'माझें नांवच असें, मी तरी काय करणार?' असें म्हणून स्वस्थही बसला नाहीं. नांवांत जें दुःख होतें, तें पुढें चालूं नये एवढेंच त्यानें मागितलें.

इ. स. २००० सालीं अमेरिकेंत ब्रूस विल्किन्सन यांचें या प्रार्थनेवर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झालें, व त्याच्या लक्षावधि प्रती खपल्या. तेव्हांपासून कित्येकांस ही प्रार्थना म्हणजे उत्कर्षाची किल्ली आहे असें वाटूं लागलें. रोज म्हणावी आणि सीमा वाढत जाव्या, असा त्यांचा समज. आम्हांस हा समज पटत नाहीं. सीमा वाढण्याची मागणी प्रार्थनेंत आहे हें खरें. परंतु शेवटचा शब्द सीमेविषयीं नाहीं, क्लेशाविषयीं आहे. शिवाय हा ग्रंथ बाबेलच्या बंदिवासानंतरच्या काळांत रचला गेला, असें विद्वानांचें सामान्य मत आहे. यरुशलेमेचा नाश इ. स. पूर्वीं ५८६ च्या सुमारास झाला होता. परत आलेल्या लोकांपाशीं राज्य नव्हतें. वाडवडिलांच्या नांवांचा पट मात्र होता. अशा लोकांना तो पट वाचून दाखवितांना लेखक याबेसापाशीं थांबला, तो संपत्तीचा मंत्र देण्यासाठीं नव्हे. ज्यांचा आरंभ दुःखांत झाला, त्यांचा शेवटही दुःखांतच झाला पाहिजे असें नाहीं, हें त्यास सांगावयाचें होतें, असें आम्ही समजतों.

पुढील पिढ्यांनीं या नांवाचें काय केलें, तेंही पाहण्यासारखें आहे. यहूदी शास्त्र्यांनीं तालमुदांत याबेस म्हणजेच न्यायाधीश अथनिएल असें सांगितलें. त्यानें मसलत दिली व विद्येचा प्रसार केला म्हणून त्यास हें नांव मिळालें, अशी त्यांनीं नवी फोड केली. याकोब एम्डेन (१६९७–१७७६) नांवाचे जर्मनींतील विख्यात रब्बी आपल्या व आपल्या पित्याच्या नांवांतील अक्षरें जुळून झालेल्या 'याबेत्स' या संक्षिप्त नांवानेंच ओळखले जातात. दुःखाचें नांव विद्वत्तेचें नांव झालें. आणि या नांवाचा एक धागा आपल्या मराठी भाषेपर्यंतही येतो. विल्यम केरी हे १७९३ सालीं इंग्लंडहून हिंदुस्थानास निघाले, तेव्हां त्यांच्या पत्नीच्या मांडीवर अवघ्या कांहीं आठवड्यांचें तान्हें मूल होतें, व त्याचें नांव याबेस असें होतें. त्याच केरींनीं रचलेलें मराठी भाषेचें व्याकरण १८०५ सालीं बंगालमधील सेरामपूर येथें छापलें गेलें. तान्हा याबेस मोठा होऊन १८१४ सालीं अंबोइना बेटावर मिशनरी म्हणून गेला.

मराठीचा उल्लेख आलाच आहे, तर आपल्या घरचाही विचार करूं. दुःखांतून नांव ठेवण्याची चाल आपल्याकडे नाहीं असें कोणी म्हणूं नये. मुलें जगत नसत तेव्हां पुढल्या मुलास दृष्ट लागूं नये, काळानें त्याकडे वळून पाहूं नये, म्हणून आईबाप त्याचें नांव दगडू, धोंडू किंवा केरू असें ठेवीत. नांव तुच्छ असे, पण त्यामागें माया असे. याबेसाच्या आईनें शब्द मोडला तशीच ही एक युक्ति होती. धोंड्याच्या नांवानें माणूस धोंडा होत नाहीं, याची साक्ष महाराष्ट्रास वेगळी द्यावयास नको. ज्यांनीं १९१६ सालीं स्त्रियांसाठीं विद्यापीठ काढलें व ज्यांस १९५८ सालीं भारतरत्न हा किताब मिळाला, त्या महर्षींचें नांव धोंडो केशव कर्वे असेंच होतें.

परंतु दुसऱ्या एका जातीचीं नांवेंही आपल्याकडे आहेत, व त्यांविषयीं असें म्हणतां येत नाहीं. मुलगा हवा होता आणि मुलगी झाली, म्हणून तिचें नांव नकुशा किंवा नकोशी असें ठेवावयाचें. येथें मूल जगावें म्हणून योजलेली युक्ति नाहीं. तूं आम्हांला नको होतीस, हें त्या मुलीस दररोज हांक मारून सांगणें आहे. सातारा येथें २२ ऑक्टोबर २०११ रोजीं सरकारी समारंभ होऊन अशा २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. आपण किती मुलींस 'नको' म्हणून हांक मारीत होतों, हें त्या दिवशीं एका जिल्ह्यापुरतें तरी मोजलें गेलें. याकोबानें एका मुलासाठीं जें केलें, तें येथें समाजानें आपल्या मुलींसाठीं केलें. उशिरा केलें, तरी योग्य केलें.

कोणी म्हणेल, याबेसाप्रमाणें त्या मुलींनीं नांव न बदलतां आपल्या कर्तृत्वानें तें उजळ कां करूं नये? आमचें उत्तर असें आहे. ओझें उचलून चालणाऱ्याचें कौतुक अवश्य करावें. पण तेवढ्यावरून लहान मुलांच्या डोक्यावर ओझें ठेवण्याचा आपणांस अधिकार मिळत नाहीं. याबेसाची कथा नांव धारण करणारास धीर देण्यासाठीं आहे; नांव ठेवणारास दोषमुक्त करण्यासाठीं नाहीं. हा भेद पुष्कळ उपदेशकांच्या ध्यानांत राहत नाहीं, म्हणून तो येथें स्पष्ट करून ठेवितों.

आणि नांव काय बारशाच्या दिवशीं एकदांच ठेवलें जातें? आमचा अनुभव असा आहे कीं, मुलांचीं नांवें रोज ठेवलीं जातात. 'नांवें ठेवणें' या आपल्या वाक्प्रचाराचा अर्थच दोष काढणें असा आहे, हें विचार करण्यासारखें आहे. गणितांत एकदां नापास झालेला मुलगा घरीं 'दगड' होतो. अडखळत बोलणाराला सोबती 'तोत्र्या' म्हणतात. अंगानें स्थूल, रंगानें काळा, चालण्यांत अधू, अशा प्रत्येकासाठीं मधल्या सुटींत नवें नांव तयार असतें. आणि आम्ही शिक्षकही निर्दोष नाहीं. वर्गांत रागाच्या भरांत निघालेला एखादा शब्द मुलांनीं उचलला, आणि शाळा सोडून जाईपर्यंत तो त्या विद्यार्थ्यास चिकटून राहिला, असें आम्हीं पाहिलें आहे. अशा वेळीं आम्हीं दिलेलें नांव आमच्या त्या दिवसाच्या संतापाचें असतें. विद्यार्थ्याच्या योग्यतेशीं त्याचा कांहीं संबंध नसतो. याबेस हें नांवही याबेसाविषयीं कांहींच सांगत नव्हतें. तें त्याच्या आईच्या एका दिवसाविषयीं सांगत होतें.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, आपल्या घरांतील क्लेश, मग तो कर्जाचा असो, आजाराचा असो कीं निराशेचा असो, मुलाच्या नांवांत किंवा हांकेंत घालूं नये. तो क्लेश खरा असेल. पण तो त्या मुलाचा नव्हे. रागाच्या भरांत असा शब्द निघून गेलाच, तर याकोबाप्रमाणें तो बदलण्याची लाज बाळगूं नये.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं ज्यास घरीं, गल्लींत अथवा वर्गांत एखादें दुःखदायक नांव चिकटलें असेल, त्यानें 'पहिला इतिहास' या पुस्तकाचा चौथा अध्याय उघडून तीं दोन वचनें एकदां वाचावीं. तें नांव देणारानें आपल्या मनाची स्थिति सांगितली आहे. तुमचें भविष्य सांगितलेलें नाहीं. तुम्हीं मागावयाचें तें याबेसानें मागितलें तेंच : हा क्लेश माझ्यापाशीं थांबो, व माझ्याकडून दुसऱ्या कोणास न होवो. त्याचा आरंभ तुमच्या हातीं आहे, व तो उद्यां शाळा भरतांच करतां येईल. ज्या सोबत्यास तुम्ही आजवर टोपणनांवानें हांक मारीत आलां, त्यास हजेरीच्या पटावरील त्याच्या खऱ्या नांवानें एकदां हांक मारून पहा.